पंधराव्या वर्षी निकाल लावू नका

प्रति,
ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगचा आयोग, 18 क्लबांचे भरती अधिकारी आणि व्हिक्टोरियातल्या वयोगट संघांचे निवडकर्ते

विषय: वाढत्या वयातल्या खेळाडूंना वेळ देण्याबाबत

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात एका मंगळवारी रात्री सव्वानऊ वाजता आमच्या घरी चार ओळींचा ईमेल आला. विभागीय अंडर-16 गटात तुमच्या मुलाची निवड झालेली नाही, प्रयत्नाबद्दल आभार, पुढच्या वाटचालीस शुभेच्छा. कारण दिलेलं नव्हतं. पुन्हा कधी येता येईल, येता येईल की नाही, हेही लिहिलेलं नव्हतं. दोन सराव आणि एका सकाळची चाचणी, एवढ्यावर निर्णय झाला होता. मुलानं तो ईमेल दोनदा वाचला, लॅपटॉप मिटला आणि मला विचारलं, "आई, माझं फुटीचं झालं ना आता?" (फुटी म्हणजे इथला ऑस्ट्रेलियन फुटबॉल.)

तो पंधरा वर्षांचा आहे.

त्या गटाचं नाव मी इथे घेत नाही. तिथली माणसं वाईट नाहीत, आणि हा प्रश्न एका गटाचा नाही. गेल्या महिनाभरात मी वेगवेगळ्या उपनगरांतल्या सात-आठ पालकांशी बोलले. ईमेलचे शब्द थोडेफार निराळे होते, बाकी सगळं तेच.

या पत्राची इंग्रजी प्रत लीगच्या कार्यालयाकडे पाठवली आहे. मराठीत अशासाठी लिहिते आहे की टारनीट, पॉइंट कुक, वेरिबीकडच्या मैदानांवर रविवारी सकाळी बाउंडरीच्या कडेला आता मराठी ऐकू येतं. आम्ही इथे येताना क्रिकेट घेऊन आलो. मुलांनी मात्र शाळेतून ऑसकिक, म्हणजे लहान मुलांसाठीची फुटी, घरी आणलं, आणि आम्ही त्यांच्यामागून हा खेळ शिकलो. ज्यांच्या मुलांना उद्या असा ईमेल येणार आहे, त्या आईवडिलांना ही निवड कशी चालते ते ठाऊक असायला हवं.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. मैदान अंडाकृती, चेंडूही अंडाकृती. प्रत्येक बाजूला 18 खेळाडू. उंच खांबांच्या मधून चेंडू लाथेनं मारला तर गोल, त्याचे 6 गुण. शेजारच्या खांबांमधून गेला तर 1. अंगावर पॅड नाहीत, डोक्यावर हेल्मेट नाही. पळायचं, उडी मारून हवेतला चेंडू पकडायचा, आणि पकडताना कुणीतरी पाठीवर आदळणार हे धरूनच चालायचं. म्हणून या खेळात पंधराव्या वर्षी शरीर किती वाढलं आहे याला फार मोल येतं. माझ्या सगळ्या म्हणण्याची सुरुवात तिथूनच आहे.

मी गेली सहा वर्षं आमच्या क्लबात गोल अंपायर म्हणून उभी राहते. जूनच्या थंडीत, चिखलात, हातात दोन पांढरे झेंडे घेऊन. खांबांच्या मधून मुलं समोरून येताना दिसतात, आणि एकाच वयोगटातल्या मुलांमधला फरक इतका जवळून दुसऱ्या कुणाला दिसत नसेल. एकाला मिसरूड फुटलेलं, खांदे भरलेले, आवाज बसका. त्याला अडवायला धावणारा मुलगा त्याच्या छातीएवढा. दोघांच्या जन्माचं वर्ष एकच.

वयाची रेघ

वयोगट कॅलेंडरच्या वर्षानं ठरतात. जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला मुलगा एकाच गटात येतो. ड्राफ्टलाही, म्हणजे लीगचे क्लब दरवर्षी क्रमाक्रमानं नवे खेळाडू निवडतात त्या निवडीलाही, तोच हिशोब आहे: त्या वर्षीच्या 31 डिसेंबरपर्यंत 18 पूर्ण होणारा मुलगा पात्र. पन्नाशीतल्या दोन माणसांमध्ये अकरा महिन्यांचा फरक म्हणजे काहीच नाही. पंधराव्या वर्षी तो फरक म्हणजे एक अख्खा हिवाळा, कित्येक सेंटिमीटर आणि कित्येक किलो. वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली मुलं निवडीत जास्त दिसतात, हे खेळाच्या अभ्यासकांनी कितीतरी खेळांत आणि देशांत दाखवून दिलं आहे. तुमच्या खेळातही ते दिसतं, हे तुम्हांला माझ्याहून चांगलं माहीत आहे. तरीही आमच्या निवड चाचणीच्या फॉर्मवर जन्मतारखेचा उपयोग फक्त पात्रता तपासायला झाला. माझा मुलगा नोव्हेंबरातला आहे, ही गोष्ट निवडताना कुणाच्या समोर नव्हती.

मॅक्स गॉनचा जन्म 30 डिसेंबर 1991 चा. दोन दिवस उशिरा जन्मला असता तर पुढच्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये गेला असता. 2009 च्या ड्राफ्टमध्ये मेलबर्न क्लबानं त्याला 34 व्या क्रमांकावर घेतलं. 208 सेंटिमीटरचा, लांब पायांचा मुलगा. गुडघ्यावर दोनदा मोठी शस्त्रक्रिया झाली. पहिली काही वर्षं तो मुख्य संघात जेमतेम दिसायचा. लीगच्या वर्षभराच्या सर्वोत्तम संघात त्याचं नाव पहिल्यांदा आलं ते 2016 मध्ये, म्हणजे ड्राफ्टनंतर सातव्या मोसमात. आणि 2021 मध्ये मेलबर्ननं 57 वर्षांनंतर विजेतेपद मिळवलं तेव्हा कर्णधार तोच होता.

उंच मुलांना वेळ लागतो, हे तुमच्या प्रत्येक प्रशिक्षकाच्या तोंडी असतं. मधल्या उडीसाठी, म्हणजे वर उडवलेला चेंडू सहकाऱ्यांकडे टोलवायला, उभा राहणारा रकमन पंचविशीच्या आसपास तयार होतो, हे मी तुमच्याच समालोचकांकडून शिकले. वेस्ट कोस्ट क्लबाचा डीन कॉक्स सुरुवातीला मुख्य यादीत नव्हे, रूकी यादीत, म्हणजे नवोदितांच्या वेगळ्या यादीत होता. पुढे तो 290 सामने खेळला आणि 2006 च्या विजेत्या संघात होता. हे सगळं माहीत असताना पंधरा वर्षांच्या उंच मुलाला दोन सरावांत जोखायचं हे कोणत्या शहाणपणात बसतं?

चाचणीच्या दिवशी मोजलेलं आणि न मोजलेलं

त्या सकाळी मुलांची 20 मीटरची धाव मोजली, उभी उडी मोजली, दोन किलोमीटर पळवलं. माझा मुलगा मागच्या वर्षभरात 11 सेंटिमीटर वाढला. त्याच्या गुडघ्याखाली हाडाचा उंचवटा दुखतो. फिजिओनं सांगितलं की हाडं भराभर वाढतात तेव्हा स्नायू आणि कंडरा मागे राहतात, ताण त्या उंचवट्यावर येतो, काही महिन्यांत बरं होईल, तोवर पळणं कमी ठेवा. फिजिओचं तसं पत्र आम्ही चाचणीच्या आधी दिलं होतं. धाव तरीही तशीच मोजली आणि आकडा तसाच लिहिला.

जो मुलगा एका वर्षात एवढा वाढतो त्याचे पाय काही काळ त्याचेच राहत नाहीत. चेंडू उचलायला वाकताना तो अडखळतो, वळायला त्याला एक पाऊल जास्त लागतं. गेल्या वर्षी सहज जमणारी गोष्ट यंदा जमत नाही, आणि का जमत नाही ते त्याला कळत नाही. निवडकर्त्याला ते कळायला हवं. बसलेल्या आणि उभ्या उंचीवरून मूल वाढीच्या कोणत्या टप्प्यावर आहे याचा अंदाज बांधता येतो. टेप आणि स्टूल एवढंच त्याला लागतं. इंग्लंडमधल्या फुटबॉल (सॉकर) अकादम्यांनी तर जन्मवर्षाऐवजी शरीराच्या वाढीप्रमाणे गट करून मुलांना खेळवून पाहिलं आहे. आपल्याकडे पैसा आहे, विज्ञान आहे, माणसं आहेत. फक्त मोजायचं काय, हे चुकतं आहे.

याच्या जोडीला मुलांवरचा भार. शाळेचा संघ, उपनगरातला क्लब आणि विभागीय गट, तिन्हींचे प्रशिक्षक वेगवेगळे आणि तिघांनाही मूल पूर्ण तयारीनं हवं असतं. आठवड्यात एकूण किती पळतो याची नोंद कुणाकडेच नसते. आमच्या घरात ती फ्रिजवर लावलेल्या कागदावर आहे.

आधीच फुललेल्यांचं काय झालं

ज्यांची निवड होते त्यांच्याशी तरी धीरानं वागलं जातं का? मला तसं दिसत नाही.

माझं माहेर देवगडचं. आमच्याकडे हापूसचं कलम लावलं की पहिली तीन-चार वर्षं आलेला मोहोर खुडून टाकतात. लहानपणी मला ते बघवायचं नाही. एवढासा पिवळसर तुरा, त्याला फळ धरलं असतं. आबा सांगायचे, आत्ता याला फळ धरू दिलं तर खोड पोसणार नाही, मग जन्मभर झाड खुरटं राहील. मोहोर खुडणाऱ्या माणसाला आंब्याचा मोह नसतो असं नाही. त्याला तीस वर्षांचा आंबा हवा असतो.

जॅक वॉट्स 2008 च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर निवडला गेला. 2009 च्या जूनमध्ये, राणीच्या वाढदिवसाच्या सुटीच्या सामन्यात, मेलबर्नच्या एमसीजी या मोठ्या मैदानावर त्याला पहिल्यांदा उतरवलं. तेव्हा तो बारावीत शिकत होता. त्याच्या हातात चेंडू आला आणि कॉलिंगवूडचे खेळाडू एकदम त्याच्या अंगावर आले. शरीर अजून मुलाचं, समोर पूर्ण वाढलेले पुरुष. ते दृश्य इथल्या लोकांच्या अजून लक्षात आहे. तो पुढे दोन क्लबांकडून मिळून 174 सामने खेळला. 174 सामने थोडे नव्हेत. पण त्याच्या प्रत्येक मोसमाच्या मूल्यमापनात पहिला क्रमांक आणि तो पहिला दिवस चिकटलेले राहिले. त्या दिवशी त्याला उतरवण्याचा निर्णय त्यानं घेतला नव्हता. तो मोठ्या माणसांनी घेतला.

टॉम बॉइड 2013 च्या ड्राफ्टमध्ये पहिला. वर्षभरात क्लब बदलला, मोठ्या रकमेचा सात वर्षांचा करार झाला. 2016 च्या अंतिम सामन्यात तीन गोल मारून त्यानं वेस्टर्न बुलडॉग्जला 62 वर्षांनी विजेतेपद मिळवून द्यायला हातभार लावला, तेव्हा तो 21 वर्षांचा होता. पुढच्याच वर्षी नैराश्यामुळे त्याला खेळातून सुटी घ्यावी लागली, आणि 2019 मध्ये, 23 व्या वर्षी, तो निवृत्त झाला. त्यानंतर तो या विषयावर उघडपणे बोलत आला आहे. त्याचं मी जेव्हा ऐकते तेव्हा माझ्या मनात विजेतेपद येत नाही. पहिल्या क्रमांकाची किंमत एकोणिसाव्या वर्षी आकड्यात जाहीर झालेला एक मुलगा येतो.

काही मुलं अठराव्या वर्षी तयार असतात, हे मला मान्य आहे. निक डेकॉसनं 2022 मध्ये पहिल्याच मोसमात उगवत्या खेळाडूचा पुरस्कार मिळवला. पण एका डेकॉसवरून बाकीच्यांची घड्याळं लावू नका.

याद्या आणि शेरे

ड्राफ्टच्या कितीतरी महिने आधीपासून कोण कितवा जाईल याच्या याद्या छापून येतात. लीगच्या स्वतःच्या संकेतस्थळावरही येतात. त्यातली मुलं शाळेत जाणारी असतात. ती नावं वर-खाली होतात आणि वर्गातली मुलं ती वाचतात. जो मुलगा मेमध्ये सहावा होता आणि ऑगस्टमध्ये विसावा झाला, त्यानं मधल्या काळात कोणताही गुन्हा केलेला नसतो. कदाचित तो फक्त दुखऱ्या पाठीनं खेळत असतो.

मग मैदानात तीच भाषा येते. यंदा एका सामन्याला आमच्या मागच्या रांगेतले एक गृहस्थ एका एकोणीस वर्षांच्या खेळाडूला पूर्ण दोन तास 'बस्ट' म्हणत होते. बस्ट म्हणजे फुकट गेलेला. त्याचा तो नववा सामना होता. माझा मुलगा शेजारी बसून ऐकत होता. तिसऱ्या क्वार्टरनंतर त्यानं मला विचारलं, नऊ सामन्यांत माणूस फुकट कसा जातो? मला उत्तर देता आलं नाही, म्हणून ते उत्तर मी तुम्हांला मागते आहे.

तुम्ही म्हणाल, गुणी मूल कुठूनही वर येतंच. मॅट प्रिडिस एकामागून एक ड्राफ्टमध्ये राहून गेला, रूकी म्हणून आला आणि 2014 मध्ये लीगचा सर्वोच्च मान, ब्राउनलो पदक घेऊन गेला. जेम्स हर्ड 1990 च्या ड्राफ्टमध्ये 79 वा होता. मार्लियन पिकेट 27 व्या वर्षी थेट 2019 च्या अंतिम सामन्यात पहिल्यांदा उतरला आणि रिचमंडबरोबर विजेता झाला. एरिन फिलिप्स तर बास्केटबॉलमध्ये अनेक वर्षं खेळून आली आणि 2017 मध्ये, महिला लीगच्या पहिल्याच मोसमात, सर्वोत्तम खेळाडू ठरली.

ही नावं माझ्या मुलाला मी रोज सांगते. पण ती तुमच्या बाजूचा पुरावा नाहीत. ही माणसं वर आली कारण कुठेतरी एक दार उघडं राहिलं होतं: रूकी यादी, राज्याची लीग, मोसमाच्या मधला ड्राफ्ट. यांतली काही दारं तुम्हीच बांधली, त्याबद्दल मी मनापासून आभार मानते. पण जे पंधराव्या-सोळाव्या वर्षी बूट गॅरेजमध्ये ठेवून निघून गेले, त्यांची नावं कोणत्याच यादीत नाहीत. त्यांच्यातला गॉन कोण होता हे आता कुणालाच कळणार नाही.

आणि धीर नियमात लिहिता येत नाही असं म्हणू नका. सामुदायिक फुटबॉलमध्ये डोक्याला मार बसून कन्कशन झालेल्या खेळाडूला आता किमान 21 दिवस सामन्यात उतरता येत नाही. आधी त्यालाही विरोध झाला. अंतिम फेरी बुडेल म्हणून पालकही कुरकुरले. आता आमच्या क्लबात कुणी वाद घालत नाही. डोक्यासाठी जे करता आलं ते वाढत्या हाडांसाठीही करता येईल.

माझ्या मागण्या अशा आहेत.

1. ड्राफ्टचं किमान वय 18 वरून 19 करा. शाळा संपल्यावर एक मोसम मोठ्यांबरोबर स्थानिक किंवा राज्य पातळीवर खेळायला मिळू द्या.

2. सोळा वर्षांखालची कोणतीही निवड अंतिम मानू नका. प्रत्येक विभागीय गटानं मोसमात दोनदा दार उघडावं, आणि गटातल्या काही जागा वर्षाच्या शेवटच्या सहा महिन्यांत जन्मलेल्या व उशिरा वाढणाऱ्या मुलांसाठी राखाव्यात.

3. चाचणीच्या कागदावर जन्माचा महिना आणि वाढीचा टप्पा लिहिणं सक्तीचं करा. वैद्यकीय पत्र दिलेलं असेल तर त्या मुलाची धाव नंतर मोजा.

4. नकार फोनवर किंवा समोर बसून कळवा. त्यात एक कारण, सुधारण्याची एक गोष्ट आणि पुढच्या चाचणीची तारीख असावी. पाच मिनिटं लागतात. माणसं कमी पडत असतील तर आमच्यासारखे स्वयंसेवक पालक शनिवारी तुमचं दुसरं काम करतील, तेवढा वेळ प्रशिक्षकांना द्या.

5. पहिल्या फेरीत निवडलेल्यांना आता तीन वर्षांचा पहिला करार मिळतो. तोच सगळ्या फेऱ्यांतल्या मुलांना द्या. चाळिसाव्या क्रमांकाच्या मुलाला वाढायला पाचव्या क्रमांकाच्या मुलापेक्षा कमी वेळ लागत नाही.

6. अठरा पूर्ण न झालेल्या मुलांच्या क्रमवार याद्या लीगच्या संकेतस्थळावरून काढा.

7. शाळा, क्लब आणि विभागीय गट मिळून प्रत्येक मुलाची एकच भारनोंद ठेवा, आणि ती पालकांना पाहता येऊ द्या.

शेवटी दोन शब्द आपल्या मराठी आईबाबांशी, कारण हे पत्र त्यांच्यासाठीही आहे. निवडीच्या याद्या व्हॉट्सॲपच्या गटांत टाकू नका. कुणाचं मूल 'घेतलं' आणि कुणाचं 'काढलं' यावर जेवणाच्या पंगतीत बोलू नका. ते मूल शेजारच्या खोलीत असतं. तेरा वर्षांच्या मुलाला खासगी धावण्याच्या शिकवणीला घालण्याआधी त्याची टाच आणि गुडघा दुखतो का ते विचारा. आणि आपल्या क्लबात गोल अंपायर, पाणी देणारे, घड्याळ सांभाळणारे नेहमी कमी असतात. तिथे उभे राहा म्हणजे या मुलांना जवळून बघता येईल.

माझा मुलगा तीन आठवडे मैदानावर गेला नाही. गेल्या गुरुवारी त्याच्या क्लबातला प्रशिक्षक, जो स्वतः सुतारकाम करून संध्याकाळी मुलांना शिकवतो, घरी आला. निवडीबद्दल तो काहीच बोलला नाही. म्हणाला, मधल्या उडीसाठी मला उंच मुलगा लागतो आहे, गुडघा बरा होईपर्यंत तू फक्त उभा राहून चेंडू हातानं टॅप करायचा सराव कर, पळू नकोस. पोरगा लगेच बूट शोधायला गेला. ते त्याला लहान झाले होते, नवे आणावे लागले.

विभागीय गटाकडून मी पुढच्या चाचणीची तारीख लेखी मागितली आहे. आयोगाकडून वरच्या सात मुद्द्यांवर उत्तर हवं आहे, पुढच्या मोसमाची नोंदणी सुरू होण्याआधी. उत्तर आलं की ते मी मराठीत याच ठिकाणी जसंच्या तसं प्रसिद्ध करीन.

आपली,
अंडर-16 मधल्या एका मुलाची आई,
मेलबर्नचा पश्चिम भाग